देवाचं बिल आणि गवतचोर मणी

दुबईतल्या मराठी घरांत एक विनोद इतका जुना झाला आहे की आता त्याला कुणी हसतही नाही. कृपा होवो न होवो, देवाचं बिल दर महिन्याला येतं. शारजाकर म्हणतात, तुमच्याकडे देवा, आमच्याकडे सेवा, पैसे मात्र दोन्हीकडे वेळेवर! नव्याने आलेल्यांसाठी सांगतो, ही वीज-पाण्याची बिलं पाठवणाऱ्या प्राधिकरणांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं आहेत. पण या वेळचा आपला विषय त्या बिलाच्या इंग्रजी बाजूला नाही, अरबी बाजूला आहे. तिथे वीज या अर्थी एक शब्द छापलेला असतो : कहरबा. शिकवणीला जाणारी आपली मुलं तो सहज वाचतात. आपण मोठी माणसं आकडा बघतो आणि एसीचं तापमान दोन अंशांनी वाढवतो.

हा कहरबा मुळात अरबी नाही, फारसी आहे. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे पळवून नेणारा. काहरुबा म्हणजे गवतचोर. आणि हा चोर म्हणजे एक पिवळा, हलका, मधासारखा दिसणारा खडा, ज्याला इंग्रजीत अँबर म्हणतात. लोकरीवर घासला की तो गवताची काडी, पीस, कागदाचा कपटा स्वतःकडे ओढून घेतो. आपल्याकडच्या जुन्या पंडितांनीही नेमकं हेच पाहिलं असणार, कारण संस्कृतात त्याचं नाव आहे तृणमणी. मराठी कोशांतही हा शब्द सापडतो, फक्त बोलण्यात कधी येत नाही.

ग्रीकांनी या खड्याला इलेक्ट्रॉन म्हटलं. १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने चुंबकावरच्या आपल्या लॅटिन ग्रंथात अँबरसारख्या ओढून घेणाऱ्या पदार्थांसाठी त्या नावावरून विशेषण घडवलं, आणि पुढे त्यातूनच इलेक्ट्रिसिटी आली. म्हणजे बिलाच्या एका बाजूला ग्रीकांचा खडा आणि दुसऱ्या बाजूला इराण्यांचा, आणि दोन्ही खडे एकच. गंमत पुढेच आहे. अरबांनी विजेसाठी इराण्यांचा शब्द उचलला, तर खुद्द इराणी लोक घरातल्या विजेला बर्क म्हणतात, आणि बर्क हा अरबी शब्द आहे. त्याचा अर्थ आकाशात चमकते ती वीज. शेजाऱ्याची वाटी आपल्याकडे आणि आपली शेजाऱ्याकडे, तसा प्रकार. या बाबतीत मराठी इराण्यांच्या रांगेत बसते. आपण खड्याकडे पाहिलंच नाही, सरळ ढगातली वीज घरात आणली आणि तारेत सोडली.

आता खड्याकडे येऊ. हा दगड नव्हेच. ही राळ आहे, झाडाचा चीक. खोडाला जखम झाली की काही झाडं चिकट रस सोडतात, तो जखमेवर सुकतो आणि किडा-मुंगी त्यात अडकते. पुढे तो जमिनीत गाडला गेला, त्यातले उडून जाणारे अंश निघून गेले आणि उरलेले रेणू एकमेकांत घट्ट गुंफले गेले, की लाखो-कोटी वर्षांनी त्याचा तृणमणी होतो. बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो बाल्टिक समुद्राकाठचा, साधारण ४ कोटी वर्षांपूर्वीचा. म्यानमारचा त्याहून जुना, सुमारे १० कोटी वर्षांचा, डायनासोरांच्या काळातला. एवढं वय असूनही वजन मात्र नावाला. हातात घेतला तर काचेसारखा गार लागत नाही, लगेच ऊब धरतो.

राळ आपल्याला परकी नाही. कोकणातल्या मंडळींनी दशावतार पाहिलेला असतो. राक्षस रंगमंचावर येताना मशालीवर राळेची पूड उडवतात आणि भपकन जाळ उठतो. टीकेची राळ उडवणे हा वाक्प्रचार वापरताना मात्र संपादकांना तो जाळ दिसत नसावा. सातपुड्यात, मेळघाटात सालईचं झाड आहे, त्याच्या डिंकाचा धूप होतो. ओमानमध्ये सलालाला गेलेल्यांनी तिथली लुबानची झाडं पाहिली असतील. ती सालईच्याच कुळातली, अगदी चुलत घरातली. आणि ऊद? आपल्याकडे ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायचा राळेचा खडा, बाळ-बाळंतिणीला धुरी देताना लागतो तो. इथे दुकानात ऊद मागितलात तर लाकडाचा तुकडा हातात येईल, आणि किंमत ऐकून तुम्ही तो परत ठेवाल. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, काठी. त्या हिशेबाने आपली उदबत्ती म्हणजे लाकडाची वात झाली. शब्द समुद्र ओलांडताना सामान बदलून घेतात ते असं.

यापेक्षा मोठी अदलाबदल अंबर या शब्दाची झाली आहे, आणि तिथे नुसती गंमत नाही, प्रसंगी कोठडी आहे. म्हणून जरा सावकाश सांगतो.

मराठीत अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र. पीतांबर, दिगंबर, श्वेतांबर यांतलं अंबर संस्कृत आहे, त्याचा इथे संबंध नाही. अरबी अंबर वेगळा. तो समुद्रावर तरंगत येणारा राखाडी, मेणचट, सुगंधी गोळा. दहाव्या शतकातला प्रवासी-इतिहासकार अल मसूदी लिहून गेला आहे की दक्षिण अरबस्तानच्या शिहर किनाऱ्यावरचे लोक चांदण्या रात्री शिकवलेले उंट घेऊन वाळूवर फिरत, आणि अंबर दिसला की उंट गुडघे टेकून बसत. युरोपियनांनी हा शब्द नेला. त्यांच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर दुसराच एक पदार्थ वाहून येत असे, तोही हलका, तोही जाळला की वास येणारा. मग एकाला राखाडी अंबर आणि दुसऱ्याला पिवळा अंबर असं म्हणता म्हणता नुसतं अँबर हे नाव पिवळ्या राळेलाच चिकटलं, आणि मूळ मालक अँबरग्रिस होऊन बाजूला पडला. अरबीत मात्र ही सरमिसळ झाली नाही. तिथे राळ ती कहरमान आणि समुद्रातला तो अंबर.

हा राखाडी अंबर येतो देवमाशाच्या पोटातून, त्यातही स्पर्म व्हेल या एका जातीच्या. तो खातो मुख्यतः म्हाकूळ, आणि म्हाकुळाची टणक चोच पचत नाही. काही थोड्या देवमाशांच्या आतड्यात त्या चोचींभोवती हा पदार्थ साठत जातो. आपली वर्तमानपत्रं त्याला व्हेल माशाची उलटी म्हणतात. या तीन शब्दांत दोन चुका आहेत. व्हेल मासा नाही, आणि ही उलटी नाही, तो माल दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. ताजा असताना वासही त्या वाटेला शोभेल असाच. वर्षानुवर्षं ऊन, मीठ आणि लाटा खाल्ल्यावर त्याचा सुगंध होतो.

तुमच्या-माझ्या शालेय इतिहासात हा पदार्थ एका माणसाच्या रूपाने येऊन गेला आहे. साधारण १५४८ च्या सुमारास इथियोपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, लाल समुद्राकाठचे बाजार पाहत बगदादला पोचला, आणि तिथे त्याचं नाव अंबर ठेवलं गेलं. गुलामांना अशी नावं देण्याची रीतच होती : कोणी काफूर म्हणजे कापूर, कोणी याकूत म्हणजे माणिक. बाजारात मांडायच्या किमती वस्तूंचीच ती यादी. हा अंबर पुढे दख्खनला आला, निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर झाला, मोगलांना त्याने गनिमी काव्याने हैराण केलं. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. १६१० साली त्याने खडकी हे शहर वसवलं, जे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. तिथे पाण्यासाठी जमिनीखालून नळ घालून आणलेली नहर त्याच्या नावाची, नहर-ए-अंबरी. महसुलाच्या इतिहासात मलिकंबरी धारा म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं. १६२६ मध्ये तो वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. ज्या नावाने त्याला वस्तू म्हणून विकलं, तेच नाव शहराच्या पाण्याला लागलं. या आखाताच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या माणसांत त्याच्याएवढा मोठा दुसरा कोणी मला दिसत नाही. आपल्या मंडळाच्या शिवजयंतीच्या कार्यक्रमात शहाजीराजांच्या आधीचं हे पान कधीतरी यायला हवं, असं मी समितीला सुचवून पाहिलं आहे. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं.

आता कोठडीचं. देऱ्यातल्या सिक्कत अल खैल रस्त्याच्या अत्तरबाजारात अंबर उघड विकायला असतो, आणि तो विकला जातो तोळ्यावर. हो, आपलाच तोळा. अत्तर, ऊद यांना इथे अजूनही ते माप चालतं. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपया चालत होता, त्या काळाची ती उरलेली पावती. ओमानी कोळ्यांना २०१६ मध्ये समुद्रात सुमारे ८० किलोचा गोळा सापडल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली होती. इथे आणि ओमानमध्ये अशा माणसाला लोक नशीबवान म्हणतात. भारतात त्याच गोळ्याने माणूस आत जातो. स्पर्म व्हेल हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे, आणि त्याच्यापासून मिळणारी वस्तू बाळगणं किंवा विकणं हा गुन्हा ठरतो. गेल्या काही वर्षांत मुंबई, ठाणे, पुणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथून अटकेच्या बातम्या सतत येत आहेत. किलोला कोटीची भाषा, हॉटेलच्या बाहेर सौदा, आणि गिऱ्हाईक म्हणून आलेला साध्या वेशातला पोलीस. पकडलेला माल कित्येकदा मेणाचा गोळाही असू शकतो, पण ते प्रयोगशाळा ठरवेपर्यंत माणूस आतच.

म्हणून दिवाळीला गावी जाताना कुणी "भावजी, थोडं हे पुडकं नेता का, औषधाला आहे" म्हणून अंबराचा खडा पुढे केला, तर स्पष्ट नाही म्हणा. इथलं बिल, दुकानाची पावती, काही कामाला येणार नाही. भिडेपोटी आपण आंबे नेतो, सोनं नेतो, कुणाच्या तरी मुलाचा लॅपटॉप नेतो. ही भीड मात्र परवडणारी नाही.

अत्तराच्या बाटलीवर अंबर लिहिलेलं असेल तर मात्र घाबरायचं कारण सहसा नसतं. त्यात देवमासाही नसतो आणि बाल्टिकची राळही नसते. सुगंधाच्या धंद्यात अंबर हे एका मिश्रणाचं नाव आहे : भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची लॅबडॅनम नावाची राळ, ऊद-लोबानच्या जातीचा एखादा डिंक आणि व्हॅनिला. समुद्री अंबराचा खरा वास आता बहुतेक प्रयोगशाळेत करतात, तोही क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीपासून सुरुवात करून. २०२१ मध्ये तर सुगंधांच्या वर्गवारीतल्या एका प्रसिद्ध मार्गदर्शकाने ओरिएंटल हे जुनं नाव काढून त्या वर्गाला अँबर म्हणायला सुरुवात केली. पौर्वात्य म्हटलेलं आपल्याला आवडणार नाही, असं कुणाला तरी वाटलं म्हणून! आपल्याला विचारलं असतं तर आपण बाटलीची किंमत कमी करायला सांगितलं असतं.

पिवळ्या अंबराची इथली खरी जागा अरबांच्या मुठीत. मिसबाह, म्हणजे ३३ किंवा ९९ मण्यांची माळ. जपाला तर वापरतातच, पण मजलिसमध्ये, गाडीत, बँकेच्या रांगेत नुसती बोटांत फिरवत बसलेले लोकही आपण रोज पाहतो. कहरमानची माळ असेल तर तिचा आवाज मऊ येतो, दगडी मण्यांसारखा खट नाही.

मंडळातले एक ज्येष्ठ काका शारजात एका स्थानिक कुटुंबाच्या पेढीवर ३० वर्षं हिशेब सांभाळून निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी वृद्ध मालकाने स्वतःच्या हातातली माळ काढून त्यांच्या हातात दिली. काका घरी आले तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न, ही ठेवायची कुठे? देवघरात कशी ठेवणार, आणि कपाटात कपड्यांखाली टाकणंही बरं दिसेना. काका दुसऱ्या दिवशी परत जाऊन मालकाला विचारून आले. तो म्हणाला, अरे, मी तुला प्रार्थना दिली नाही, माझ्या हाताची सवय दिली. मुलगा अमेरिकेत, त्याचं मत पडलं की जुन्या बाल्टिक माळेला हजारो दिरहम येतात, किंमत तरी काढा. म्हणून काका मला घेऊन देऱ्याला गेले.

दुकानदार केरळचा, हिंदी फर्डी. त्याने माळ तळहातावर तोलली, नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरली, आणि मग तापवलेल्या सुईची गोष्ट काढली. भोकाच्या आतल्या बाजूला गरम सुई टेकवायची. खरा असेल तर देवदारासारखा वास येतो, प्लास्टिक असेल तर नाक मुरडावं लागतं. काकांनी माळ मुठीत घेतली. "सुई कशाला? मला विकायची थोडीच आहे," म्हणाले, आणि आम्ही चहा पिऊन परत आलो.

सुई न लावताही काही गोष्टी घरी करता येतात. पेलाभर पाण्यात अडीच मोठे चमचे मीठ विरघळवा. सुटा मणी असेल तर त्यात टाका. तृणमणी तरंगतो, काच आणि बेकेलाइट बुडतं. पण तरंगला म्हणजे खराच, असं नाही. काही हलकी प्लास्टिकं तरंगतात आणि कोपलही तरंगतो. कोपल म्हणजे कोवळी राळ, कोटी वर्षांची नव्हे, तृणमण्याच्या मानाने खूपच ताजी. आपल्याकडे जिला चंद्रस म्हणतात ती याच जातीची. झांजीबारचा कोपल एके काळी मुंबईमार्गे जगात जात असे आणि रोगणात पडत असे. कोपलवर नखाचा रंग काढायच्या पातळ द्रवाचा थेंब टाकला की पृष्ठभाग चिकट होतो, तृणमण्याचा सहसा होत नाही. तरीही हा प्रयोग दुसऱ्याच्या माळेवर करू नका. आणि निळ्या दिव्याखाली बाल्टिक मणी बहुधा निळसर-पांढरा उजळतो, हे काकांच्या माळेच्या बाबतीत आम्ही पाहिलं. काय दिसलं ते काकांनी मुलाला सांगितलेलं नाही, त्यामुळे मीही सांगत नाही.

बेकेलाइटला हसू नये हेही इथेच शिकलो. फातुरान नावाच्या गडद तांबूस माळा इथले शौकीन शोधत असतात. ते जुनं कृत्रिम द्रव्य, आणि चांगली जुनी फातुरान साध्या अंबरापेक्षा महाग जाते. नकलेला शंभर वर्षं झाली की तिचीही नक्कल निघते.

माळ घरात असेलच तर एक काळजी घ्या. सॅनिटायझर लावलेल्या हाताने तिला धरू नका, अत्तर तिच्यावर उडवू नका. स्पिरिटने तिची झळाळी मरते. मऊ कापडाने पुसणं पुरेसं.

आणि तरुण आयांसाठी एक गोष्ट, जरा कडक आवाजात. दात येणाऱ्या बाळाच्या गळ्यात घालायच्या बाल्टिक अंबराच्या माळा इथेही मिळतात आणि बाळंतविड्यात भेट म्हणून येतात. सांगतात की मण्यातलं सक्सिनिक आम्ल अंगाच्या उबेने कातडीत उतरतं आणि ठणका कमी होतो. याला आधार नाही. ज्या राळेतून कोटी वर्षांत जे बाहेर आलं नाही, ते बाळाच्या गळ्यात दुपारभरात येणार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये अशा माळांविरुद्ध इशारा दिला, त्यात १८ महिन्यांच्या एका मुलाला झोपेत अशाच माळेचा फास बसून त्याचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. माळ आलीच असेल तर आईने घालावी, छान दिसते. बाळाला थंड केलेलं गाजर-चावणं नको, थंड ओलं फडकं चावायला द्या, आणि आजीचं बोट आहेच.

राहता राहिला रंग. इथे गाडी शिकताना सिग्नलच्या मधल्या दिव्याला पुस्तक अँबर म्हणतं. आपण त्याला पिवळा म्हणतो, पण पिवळा तर हळदीचाही आणि झेंडूचाही. हा तो नाही. कढईत काकवी दाट होऊ लागते, तिला एक तार यायच्या थोडं आधी जो रंग येतो, तो हा. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर गेलेल्यांना चटकन कळेल. कुणी मधाचा म्हणेल, माझी आई चहा बिघडला नाही हे पाहायला गाळताना पेला उजेडात धरायची, तोही हाच. तृणमणी रंग म्हणावं तर कुणाला कळणार नाही, आणि अंबरी म्हणावं तर नहर आठवते. घरात या रंगाला मराठी शब्द वापरात असेल, विशेषतः पैठणी-इरकलीच्या खरेदीत आजी-मावशीच्या तोंडी, तर मंडळाच्या पत्त्यावर कळवा. गेल्या वेळी खजुराच्या जातींबद्दल विचारलं तर सतरा जणांनी लिहिलं, आणि त्यातल्या अकरा जणांनी सोबत खजूर पाठवले.